नववी ‘ब’कडे जाणारा जिना

खोत सरांनी चहा मागवला तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. आमचे मुख्याध्यापक उगाच कुणाला चहा पाजणाऱ्यांतले नाहीत. शेजारच्या खुर्चीवर नेत्रा दामले बसली होती. शाळेत ‘चाहूल’ बसवायला पुण्याहून आलेली इंजिनिअर, माझ्या भाचीच्या वयाची. तिच्या मांडीवर टॅब होता आणि ती माझ्याकडे बघायचं टाळत होती.

“बसा, मगदूम मॅडम,” सर म्हणाले. “आणि रागावू नका.”

“काय झालंय ते तरी कळू दे, मग ठरवते.”

नेत्रानं घसा साफ केला. “मॅडम, सिस्टिमनं आपल्या शाळेतल्या सगळ्या खोट्या आगी परत चालवून बघितल्या. तुमच्या बाबतीत जवळपास प्रत्येक वेळी एकच उत्तर येतंय. आग लागली की तुम्ही आठवी ‘अ’ला जिन्यावर सोडता आणि वर जाता. नववी ‘ब’कडे.”

आठवी ‘अ’ माझा वर्ग. नववी ‘ब’मध्ये माझी मुलगी, इरावती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इचलकरंजीत लहानाची मोठी झालेली बाई मी. यंत्रमागाच्या कापसाच्या पिंजेला ठिणगी लागली तर शेड कशी भुर्रकन पेटते हे डोळ्यांनी बघितलेलं. सातवीपासून ‘सुरक्षा’ हा मार्कांचा विषय झाला तेव्हा या शाळेत तो शिकवायला कुणी तयार नव्हतं, मी घेतला. धुरात गुडघ्यावर कसं चालायचं, दार उघडण्याआधी हाताच्या पाठीनं चटका कसा बघायचा, कपडे पेटले तर पळायचं नाही, लोळायचं, हे या गावातल्या पोरांना मी शिकवलं. आणि ही कालची पोरगी मला सांगते की मी वर्ग टाकून पळणार.

आता ही ‘चाहूल’ काय भानगड आहे ते फळ्यावर सांगते तसं सांगते. शाळेतल्या प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा. त्यात नाडी, घाम, चालण्याचा वेग. गच्चीपासून मैदानापर्यंत कॅमेरे. वर्षभर कधीही भोंगा वाजायचा, नाटकात सोडतात तसला धूर सोडायचा, आणि सिस्टिम बघत बसायची. कोण कुठं वळतं, कोण थिजतं, कोण कुणाचा हात धरतं. एवढं बघून झालं की ती प्रत्येकाची एक प्रतिकृती बनवायची. मग तिच्या पोटातल्या खोट्या शाळेत ती हजारो आगी लावायची. कधी जिन्याखाली, कधी प्रयोगशाळेत, कधी खिचडी शिजते तिथं. त्या खोट्या शाळेत खोटी मगदूम मॅडम आणि खोटी पोरं पळायची, अडकायची, मरायचीसुद्धा, आणि पुढच्या आगीत परत उठून पळायची. कुठं चेंगराचेंगरी होते ते कळलं की खऱ्या शाळेतला एखादा बाक हलवायचा, एखादं दार बाहेरच्या बाजूनं उघडेल असं करायचं. कल्पना चांगलीच होती. मीच ती आणण्यासाठी संस्थेच्या मागं लागले होते.

आणि यंत्राला जे कळलं ते काही नवं नव्हतं. मी स्वतःच वर्गात सांगायचे की आगीत माणूस ज्वाळेनं कमी आणि धुरानं जास्त मरतो, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो. आणि दुसरं सांगायचे की आग लागल्यावर माणसं वेड्यासारखी दाराकडे धावतात हे खोटं आहे. माणसं आपल्या माणसांकडे धावतात. त्यात वेळ जातो. वर्गात हे सांगताना ते माझ्याबद्दल असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“यावर तीन उपाय आहेत,” खोत सर बशीतला चहा हलवत म्हणाले. “एक, इरूला दुसऱ्या शाळेत घाला. दोन, तुम्ही वर्गशिक्षक राहू नका, सुरक्षा विषयही सोडा.”

“आणि तीन?”

“सुधारणा,” नेत्रा म्हणाली. “तुमचा स्वतःचा सराव. जमतो काही जणांना.”

“काही जणांना म्हणजे? मला जमेल,” मी म्हटलं आणि चहा तसाच ठेवून उठले.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझा राग कुणाला समजायचा नाही. जिच्या शाळेत तिचंच लेकरू शिकतं त्या बाईला हे विचारा. इरू पहिलीत आली त्या दिवशी मी तिला बजावलं की शाळेच्या फाटकाच्या आत मी आई नाही, मॅडम. ती बिचारी तेव्हापासून मॅडमच म्हणते. अख्ख्या वर्गानं गृहपाठ केला नसेल तर मी पहिली उभी इरूला करायचे. निबंध स्पर्धेला परीक्षक मी होते, तर तिचा निबंध मी न वाचताच बाजूला काढला. स्टाफरूममध्ये कुणाची हिंमत नव्हती म्हणायची की मगदूम बाई आपल्या पोरीचे लाड करतात. तेवढी एक गोष्ट मी कमावली होती, आणि यंत्र ती चारचौघांत काढून घेत होतं.

आम्ही जैन, दिवेलागणीच्या आत आमची जेवणं होतात. त्या संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या मी सगळं ओकून टाकलं.

“मशीन म्हणतं, मी वर्गातली पोरं जिन्यावर टाकीन आणि हिच्याकडे धावत सुटेन. ऐकलंत का?”

इरूचे बाबा सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ देतात त्या कारखान्यात, सुपरवायझर आहेत. यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्यानं ते घरी फार हळू बोलतात. “मग जाशीलच की,” ते म्हणाले. “आई आहेस तू.”

“शाळेत मी आई नाही.”

“आग लागल्यावर कसली शाळा.”

इरूनं घास हातात तसाच धरला होता. “खरंच म्हणालं मशीन? तू माझ्याकडे येतेस म्हणून?”

“हो. काहीतरी डोकं फिरलंय त्याचं.”

“एकदाच की पुष्कळदा?”

“जवळपास प्रत्येक वेळी म्हणे. तू जेव आधी.”

तिनं मान खाली घातली आणि आणखी आमटी वाढून घेतली. जेवण झाल्यावर न सांगता माझा डबा घासून ठेवला, ओटा पुसला, काहीतरी गुणगुणत केर काढला. मला वाटलं गणितात चांगले मार्क पडले असतील. विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवसापासून माझी सुधारणा सुरू झाली. शाळा सुटली की संगणकाच्या खोलीत मी डोळ्यांवर सिस्टिमचा जाड चष्मा चढवायचे आणि खोट्या शाळेत शिरायचे. भोंगा, धूर, पोरांची रांग, आणि मग ती जिन्याची पायरी. तिथं जिना दोन्हीकडे फुटतो. खाली मैदान, वर नववी ‘ब’. पहिल्या दिवशी माझे पाय तिथं अडले ते अडलेच. पट्ट्यानं नाडी दाखवली. नेत्राच्या टॅबवर मी लाल होते.

“मॅडम, इरूचा आवाज घालू का?” तिनं एके दिवशी विचारलं. “सिस्टिमकडे तिचा आवाज आहे. म्हणजे वरून तिनं हाक मारली तर काय होतं ते बघता येईल. नको असेल तर नको.”

“घाल.”

वरून इरू ओरडली. शाळेत कधी न मारलेली हाक मारली, आई म्हणून. मी खाली गेले. घरी येऊन ओकले, पण खाली गेले. परत गेले, परत गेले. हळूहळू पाय अडेनात. मग मानही वळेना. लालची पिवळी झाले आणि पिवळ्याची हिरवी. नेत्रानं टॅब माझ्यासमोर धरला तेव्हा मला शाळेतल्या पोरासारखा आनंद झाला.

घरी मात्र वेगळंच काहीतरी सुरू झालं होतं. एका रविवारी इरू पुऱ्या तळत होती. कढई कलंडली, तेल तिच्या पायावर उडालं आणि ती किंचाळली. मी दाराशीच होते. मी आधी रेग्युलेटर बंद केला, मग खिडकी उघडली, मग तिच्याकडे वळले. तोवर बाबांनी तिला उचलून नळाखाली धरलं होतं.

“आधी पोरीकडे बघायचं की नाही गं?” ते म्हणाले.

“आधी गॅसच बंद करायचा असतो. मी मुलांना तेच शिकवते.”

“शिकव की. पण ही आपली आहे.”

इरू पायावर पाणी घेत माझ्याकडे बघत होती. बरोबर मीच होते, गॅस आधीच बंद करायचा असतो, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग ती दुपार आली. आठवी ‘अ’ पहिल्या मजल्यावर प्रयोगशाळेत होती. भोंगा वाजला तेव्हा पोरांनी कंटाळून एकमेकांकडे बघितलं, कारण त्यांना सरावाची इतकी सवय झाली होती की कुणी घाबरत नव्हतं. मी दार उघडलं आणि माझ्या घशात काहीतरी खरवडलं. सरावाचा धूर गोडसर असतो. हा जळत्या प्लॅस्टिकचा होता. पुढच्या जिन्याखाली बॅटरीची खोली आहे, सोलरची वीज साठवायची. तिथून तो येत होता.

“हा सराव नाही,” मी म्हटलं. “रांग. मागच्या जिन्यानं. पळायचं नाही.”

रांग लागली, दारातून बाहेर पडली आणि तिथंच तुंबली. मला कळेना काय झालं. पुढं जाऊन बघते तर सगळी पोरं खाली वाकलेली. प्रयोगशाळेत जाताना आमच्याकडे बूट बाहेर काढतात. दाराशी बुटांचा ढीग, आणि प्रत्येक पोरगं त्यात आपापला जोड शोधत होतं. नवे बूट हरवून गेलं तर घरी काय ऐकायला लागतं हे प्रत्येकाला ठाऊक. ‘चाहूल’नं हजारो आगी लावल्या होत्या, पण आमचे सगळे सराव वर्गात झाले होते, पायात बूट असताना. तिच्या खोट्या शाळेत कुणीही कधी बुटांसाठी वाकलं नव्हतं.

“सोडा ते,” मी ओरडले.

“मॅडम, माझा एकच सापडतोय,” एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

मी पायानं तो सगळा ढीग बाजूला ढकलला. “अनवाणी चला. घरी मी येऊन सांगते. चला म्हणते ना.” एकीचा दंड धरून ओढलं, एकाच्या पाठीत धपाटा घातला. रांग सुटली. मागून धूर छताला धरून पुढं सरकत होता. पोरं आता खोकत होती आणि कुणीही हसत नव्हतं.

आम्ही जिन्याशी आलो. खाली जाणाऱ्या पायऱ्या आणि वर जाणाऱ्या पायऱ्या. वरचा जिना मोकळा होता. नववी ‘ब’ची रांग एव्हाना उतरून गेली असणार हे मला माहीत होतं. तरी एकदा वर जाऊन बघायचं, एवढंच मनात आलं. माझ्या पोरांना आता खालची वाट पाठ होती, दोन मिनिटं मी नसते तरी चाललं असतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पोरांची काळजी आठवली नाही, रक्तातला कार्बन मोनॉक्साइडही आठवला नाही. मी वर गेले तर मशीन खरं ठरेल, एवढं एकच डोक्यात होतं. मी खाली वळले.

मैदानात आठवी ‘अ’ रांगेत बसली. मी डोकी मोजली, परत मोजली. सगळी होती. माझ्या जिवात जीव आला. नववी ‘ब’च्या रांगेकडे मी बघितलं नाही. मानेलासुद्धा मी ते शिकवलं होतं.

तेवढ्यात नववी ‘ब’चे वर्गशिक्षक होगाडे सर धापा टाकत आले. “मॅडम, इरू कुठाय?”

“ती तुमच्या वर्गात आहे, मला काय विचारता?”

“तुमच्याबरोबर नाही आली?” त्यांचा चेहरा उतरला. “अहो, ती रांगेतून बाहेर झाली. म्हणाली आई येतेय, मी आईबरोबर येते. मला वाटलं तुम्ही येणारच. मशीननं तसं सांगितलं होतं ना. स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.”

मी फाटकाकडे बघितलं. फाटकाजवळच्या मोठ्या पडद्यावर शाळेचा नकाशा होता आणि प्रत्येक पट्ट्याचा एक ठिपका. सगळे ठिपके मैदानात होते. एक दुसऱ्या मजल्यावर, नववी ‘ब’च्या वर्गात होता आणि हलत नव्हता.

मी धावले. पुढच्या दारातून काळा धूर लोटत होता आणि मागच्या जिन्यातही तो भरला होता. फायर ब्रिगेडच्या माणसानं मला कमरेला धरून अडवलं. मी त्याला चावले म्हणतात, मला आठवत नाही. मी काय ओरडत होते तेही मला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं. आपण मुलांना शिकवतो की एकदा बाहेर आल्यावर कशासाठीही आत जायचं नाही, कुणासाठीही नाही. माझ्यासमोर माझाच वर्ग बसला होता आणि बघत होता.

शिडी लावून त्यांनी खिडकी फोडली आणि तिला खांद्यावर टाकून उतरवलं. ती स्वतःच्या बाकाखाली बसलेली सापडली, रुमाल तोंडाला धरून, मी शिकवलं होतं तशी.

इरू वाचली. घशाला आणि फुफ्फुसाला इजा झाली, पण वाचली. दवाखान्यात तिच्या तोंडावरचा मास्क काढल्यावर पहिल्यांदा मी आणि ती दोघीच खोलीत होतो. बाबा बाहेर बाकावर बसायचे. ते माझ्याशी भांडले नाहीत, फक्त बोलायचे बंद झाले होते.

“का थांबलीस गं?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवेना.

तिचा आवाज फाटला होता. “मला आधी वाटलं सरावच आहे. म्हटलं बघूया, खरंच येते का.”

“आणि धूर आल्यावर?”

“धूर खरा आहे हे कळल्यावर वाटलं, आता तर तू येशीलच.”

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. मला रडायचं होतं आणि आलं नाही. इतका सराव मी स्वतःला दिला होता.

नेत्रा भेटायला आली तेव्हा कॉरिडॉरमध्ये रडत होती. “मॅडम, इरूची प्रतिकृती दर वेळी नीट बाहेर यायची. एकदासुद्धा मागं राहिली नाही. ती मागं कशी राहिली ते आम्हाला कळेना. तुम्ही तिला सांगितलं होतं का, तुमच्याबद्दलच्या अंदाजाविषयी?”

“जेवताना सांगितलं होतं.”

तिनं डोळे पुसले. “आम्ही हे धरलंच नव्हतं. अंदाज ज्याच्याबद्दल आहे त्याला तो कळला की तो माणूसच वेगळा होतो. तुम्ही वेगळ्या झालात, ती वेगळी झाली, होगाडे सरही.”

“म्हणजे मी स्वतःला सुधारलं नसतं तर मशीन खरं ठरलं असतं,” मी म्हटलं. “मी वर गेले असते, आणि ती मला तिथं सापडली असती.”

“पण मग धुरात जिन्यावर सोडलेली मुलं...” नेत्रा म्हणाली आणि थांबली. तेही खरंच होतं. त्या दोन खऱ्या गोष्टी घेऊन मी घरी आले. त्यांचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

संस्थेनं माझा सत्कार ठरवला होता, मी गेले नाही. शाळा दुरुस्त झाली. बॅटरीची खोली आवाराच्या टोकाला नेली, प्रयोगशाळेत बूट काढणं बंद झालं. इरू परत यायला लागली. शाळेत कमी बोलायची आणि घरीही. मी तिच्या आवडीचं करून वाढायचे, ती जेवायची, छान झालंय म्हणायची. पाहुण्यांशी बोलतात तसं बोलायची.

पहिला सराव झाला तेव्हा मी आठवी ‘अ’ला घेऊन त्याच जिन्याशी आले. गोडसर, खोटा धूर होता. मला सगळं ठाऊक होतं. तरी माझे पाय वळले. पोरांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, आणि मी वर निघाले. पट्टा इशारा देत मनगटावर थरथरत होता, थरथरू दे म्हटलं. निम्म्या जिन्यात नववी ‘ब’ची रांग समोरून आली. सर्वांत पुढं इरू होती, एक हात भिंतीला, मान सरळ.

“इरू,” मी म्हटलं. “मी आलेय.”

तिनं माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. “मॅडम, एका कडेला व्हा,” ती हळूच म्हणाली. “मागची मुलं अडकतायत.”

मी भिंतीला चिकटून उभी राहिले. अख्खा वर्ग माझ्यासमोरून उतरून गेला.

खाली नेत्रा टॅब घेऊन उभी होती. माझ्या नावापुढचा लाल रंग तिनं मला दाखवला नाही, मी बघितला. मग तिनं घाईनं पुढचं पान सरकवलं.

“इरावती बघा ना, मॅडम. शाळेत सगळ्यांत उत्तम. सिस्टिमनं तिच्या कितीतरी आगी चालवल्या, ती दर वेळी सुखरूप बाहेर येते. कुणासाठी थांबतच नाही आता.”

“अभिनंदन, मॅडम,” तिच्या शेजारी उभे असलेले खोत सर म्हणाले. “तुम्हीच शिकवलेलं आहे.”

मी मान डोलावली आणि माझ्या वर्गाकडे गेले. आठवी ‘अ’ माझ्याशिवाय खाली येऊन केव्हाच रांगेत बसली होती.